उदोबाच्या डोळ्याभोवती

चोवीस पानं होती. दोनच रंग, काळा आणि तपकिरी,
कारण तिसऱ्या रंगाचे पैसे नव्हते.
माळ्यावरचं एक उदमांजर, त्याची आई,
आणि झोपायला जागा कुठे, एवढाच प्रश्न.
अकराव्या पानापर्यंत कुणी बोलत नाही.
बाराव्यावर आई म्हणते, "सरक."
त्यानंतरही कुणी बोलत नाही.

शनिवार पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या बोळात
फडतऱ्यांचा छापखाना.
मूळ चित्र टेबलावर ठेवून मी दोन मिनिटं पाठ फिरवली
आणि फडतऱ्यांनी त्यावर हाफ चहाचा ग्लास टेकवला.
डाव्या डोळ्याभोवती, बरोब्बर, कंपासनं काढावं तसं
ओलं तपकिरी कडं.
मी अशी ओरडले की शेजारच्या गिरणीवाल्यानं
पट्टा थांबवला.
फडतरे वाकले, चष्मा कपाळावर चढवला, नीट बघितलं.
"बाई, शोभतंय की.
आता गर्दीत ओळखू येईल आपला तो."

दुसऱ्या दिवशी मशीनवर पंचांग चढणार होतं.
परत काढायला वेळ नव्हता, तसला कागदही नव्हता.
उरलेल्या पानांवर ते कडं मी हातानं काढलं,
त्यांच्याच ग्लासात ब्रश बुडवून.

एकतीस वर्षं झाली.
आता बाणेरला, काचेच्या इमारतीत,
उदोबाला आख्खा मजला आहे.
मिशांसाठी वेगळा माणूस, शेपटीसाठी वेगळी बाई.
त्याला बाबा मिळालेत, दोन बहिणी,
आणि दुबईचा मामा,
जो प्रत्येक भागात सुटकेससकट हौदात पडतो.
(मामाला मी हसते. खोटं कशाला बोलू.)
आई आता "सरक" म्हणत नाही.
म्हणते, "बाळा, स्वतःवर विश्वास ठेव."
करार मी वाचून सही केलाय, पंख्याखाली बसून, दोनदा.
बोलायचा हक्क नाही.
म्हणून फक्त इथे बोलते.

तिसऱ्या भागाचं नाव 'कड्याचं रहस्य'.
आमच्या सोसायटीत निम्म्यांना वाटलं, सिंहगडावर आहे.
पास दोन आले होते.
दांडेकर पुलावरून फडतऱ्यांना रिक्षात घातलं,
वय एक्याऐंशी, इस्त्रीचा सदरा, खिशात भाजके शेंगदाणे.
कोथरूडच्या मल्टिप्लेक्सच्या दारात
रखवालदारानं शेंगदाणे काढून घेतले.
"पावती द्या," फडतरे म्हणाले,
आणि पावती मिळेपर्यंत हलले नाहीत.

मध्यंतरापर्यंत ते झोपले.
मध्यंतरातही झोपले.
मग चंद्राला ग्रहण लागलं, शंभर व्हायोलिनं रडली,
एक तारा निखळून तान्ह्या उदोबाच्या डोळ्यावर उतरला
आणि त्याभोवती उजेडाचं कडं उमटलं.
"तुला निवडलंय," आई म्हणाली.

फडतऱ्यांना जाग आली.
चालत्या मशीनवरून हाक मारायची जुनी सवय,
त्याच आवाजात:
"खोटंय! चहा होता तो!"

शुक् शुक् झालं. कुणीतरी मोबाईलचा उजेड मारला.
मी पदर सारखा केल्याचं नाटक केलं.
पुढच्या रांगेत एक मुलगी, वरचे दोन दात पडलेली,
खुर्चीवर गुडघे टेकून मागे वळली.
पडदाभर तारे उधळत होते.
तिनं ते सोडून दिले.
"कुणाचा चहा?"
"माझा."
"साखरेचा?"
"तेव्हा साखरेचा. आता डॉक्टर देत नाही."
ती विचारात पडली. मग म्हणाली,
"मग तो चाटायचा का?"

फडतऱ्यांनी माझ्याकडे बघितलं.
इतक्या शाळा फिरले, इतके सत्कार झाले, शाली मिळाल्या;
हे कुणी विचारलं नव्हतं.
"हो," मी म्हणाले. "तेराव्या पानावर.
रात्री. आई झोपल्यावर.
जीभ पोचत नाही, तरी."

"स्वरदा, पुढे बघ," तिची आई म्हणाली.
ती वळली. पण जीभ बाहेर काढून,
नाकाकडे, डोळ्याकडे ताणत.

फडतरे कुजबुजले, म्हणजे त्यांच्या मानानं कुजबुजले,
"बाई, असलं पान आपण छापलेलं नाही."

"सरका," मी म्हणाले.