एकशे चौदाव्या ओळीपाशी

मार्शरुत्काच्या ड्रायव्हरने आणून दिली चिप,
साखरेच्या कागदात गुंडाळलेली,
वर पेन्सिलीने: "एसेनकुल. कुरणाला पूर्ण फेरी मारली."
आत दोनशे एकतीस ओळी.
क्रमांक, रेखांश, अक्षांश, वेळ.
ना गवत, ना चढ, ना धाप.

मी नारिनच्या कचेरीत, हीटरला पाय लावून,
उंटावरून शेळ्या हाकणारी.
शेळ्या खऱ्याच आहेत, मेंढ्याही;
उंटाच्या जागी फिरती खुर्ची, एवढंच.

पहिला घोळ स्वल्पविरामाचा.
आमच्या यंत्रांना रशियन वळण,
दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम,
आणि रकाने तोडायलाही तोच.
एकेका आकड्याची मान मधेच उतरवलेली:
शहात्तर एका खणात,
उरलेला डोंगर शेजारच्या.

मग एक्सच्या जागी वाय गेला,
आणि एसेनकुलची साडेतीनशे मेंढरं
थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात.
नुरजामल आपल्या टेबलावरून वाकून म्हणाली,
"पोहता येतं का गं त्यांना?"

तेही निस्तरलं. बिंदू डोंगरावर आले.
म्हटलं, आता ओव यांना एका रेषेत.
तर यंत्राने आकडे अक्षरांसारखे वाचले:
एकानंतर दहा, दहानंतर शंभर, शंभरानंतर एकशे एक,
दोनची पाळी केव्हातरी जेवणानंतर.
सत्तरीचा म्हातारा
या खिंडीतून त्या खिंडीत उडी मारतोय,
नदी ओलांडतोय बूट न भिजवता,
आणि जाइलूचं झालंय
मांजराने खेळून टाकलेलं लोकरीचं गुंडाळं.

क्रम लावला.
तेव्हा कुठे तो चालायला लागला.

खडकापासून ओढ्यापर्यंत, ओढ्याकाठाने वर,
शंभर पावलं, एक बटण,
शंभर पावलं, एक बटण,
आणि मी मागून, माउसचं चाक फिरवत.
एकशे तेरापर्यंत सगळं सुरळीत.
एकशे चौदापाशी रेष आत वळली.
चांगली आत. विळ्यासारखी.
वेळेच्या रकान्यात चाळीस मिनिटांचं भोक,
मग पुन्हा बाहेर, जणू काही झालंच नाही.

यंत्राकडे यावर औषध आहे.
एक कळ दाबली की सगळे वाकडेपणे सरळ.
नाही दाबली तर एक हेक्टर नि थोडं
पलीकडच्या समितीच्या खात्यात जातं,
आणि त्यांची गुरं काय, वाटच बघतायत.

फोन लावला. तिकडे वारा.
"काका, एकशे चौदाला काय झालं?"
"मला कुठे नंबर माहीत?"
"ओढा संपतो, तिथून वर."
"हां. तिथे तांबडी घोडी व्यायला बसलेली.
उशिराची वीण. अंगावरून कसा जाऊ?
लांबून वळसा घातला, जरा बसलो."
"पण हद्द तर सरळ आहे ना?"
"हद्द सरळच आहे. मी वाकडा गेलो."
मग थोडं थांबून:
"शिंगरू दिसतं का गं तुझ्या त्यात?"
मी खोटं बोलले नाही. तो हसला की वारा होता, कळलं नाही.

चतुःसीमा म्हणजे नक्की काय,
पाय गेले ती, की सगळ्यांना ठाऊक असलेली?
साहेबांना विचारलं तर म्हणतील, सही कुठे करू.

एकशे चौदा ते एकशे एकोणीस
सहा बिंदू ओढून हद्दीवर नेले.
मूळ तक्ता मात्र पुसला नाही;
दुसऱ्या नावाने ठेवला,
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: घोडी.
नुरजामल म्हणाली, हे कुठल्या एककात?

शेवटची ओळ पहिलीशी जुळेना.
ज्या खडकापासून निघाला त्याच खडकाशी टेकला होता तो,
पण यंत्राच्या मते चार मीटर अलीकडे.
आकृती मिटायला एवढी फट पुरते अडायला.
पहिली ओळ उचलून तळाशी चिकटवली.
बहुभुज भरला, फिकट हिरवा.

साखरेचा कागद अजून टेबलावर आहे.
घडीत दोन-तीन दाणे आहेत,
आणि एक केस, तांबूस, जाड.