लघुशंका

तीन दिवसांची वही आणलीय, नेरिस.
मापाचा जग घरचाच. कानाला त्याच्या
लाल नेलपॉलिश लावून ठेवलंय,
नाहीतर अच्युत त्यात ताक घुसळायचा.

पहाटे पाच दहा : ऐंशी मिली.
सहाला : साठ.
सात चाळीस : पोचले नाही.
हे आधी पेन्सिलीनं लिहिलं होतं,
मग शाईनं गिरवलं.

वडील प्रवरेच्या कालव्यावर पाटकरी होते.
रात्री कंदील धरून पट्टीवरचा आकडा वाचायचे,
कुणाची पाळी, किती तास, कुठली चारी फुटली,
सगळं टाकानं, खाडाखोड न करता.
माझी ही वही पाहिली असती तर
आधी समास आखायला लावला असता.

तू विचारतेस : घाई होते का?
घाई कसली, धाड पडते.
किल्ली कुलपात घालताना हमखास.
स्केटीतल्या आमच्या दारानं आणि माझ्या अंगानं
आपसात काय ठरवलंय, कुणास ठाऊक.

आणि पोचल्यावर? लगेच होते?
पोचल्यावर रुसते.
नळ सोडून बसते मी. समोरच्या फरशा मोजते.
सत्तेचाळीस आहेत, एक तडकलेली.

जंतुसंसर्ग? दोनदा झाला, हिवाळ्यात.
पोट साफ? कधीमधी.
चहा? सहा कप. बरं, आठ.
आणि नवऱ्याजवळ असताना कधी...
इथे मी खिडकीबाहेर पाहिलं.
स्वानसीवर नेहमीचा राखाडी पाऊस.
तू पेन खाली ठेवलंस. तेवढ्यानं भागलं.

अकरा वर्षं झाली एम.एस.ला.
डोळ्याबद्दल बोलले, पायाबद्दल, थकव्याबद्दल,
प्रत्येक डॉक्टरपुढे, न चुकता.
याबद्दल आजच.
आमच्याकडे याला शंका म्हणतात, सांगितलं तुला,
छोटी शंका.
म्हणजे मोठीही असते?
असते. ती पुढच्या खेपेला विचार.
तू हसलीस, मग मीही,
आणि हसताना जपून हसले.

काडीनं रंग बदलला नाही, म्हणजे संसर्ग नाही.
मग जाऊन ये म्हणालीस. गेले, आले.
पोटावर गार जेल.
याच जेलमधून एकदा नचिकेतच्या
काळजाची टपटप ऐकली होती.
आज नुसता आकडा :
दोनशे दहा.

आत्ता तर जाऊन आले मी!
हो, म्हणालीस, तरी एवढं मागे राहिलंय.
निरोप मणक्यातून नीट उतरत नाही,
पिशवी आवळते त्याच वेळी दार मिटतं.
कागदावर बाण काढून दाखवलेस.
बाण नकोत गं, कळलं मला :
आवर्तन सुटलंय
आणि दारावरचा माणूस गावाला गेलाय.
म्हणून संगमनेरची पाटकऱ्याची पोर
दर तासाला उठते
आणि शंका कधी पुरती फिटत नाही.

पाणी किती पितेस?
बाहेर पडायचं असलं की आदल्या रात्रीपासून तोडते.
नको तोडूस, म्हणालीस. पहिल्यांदा आवाज चढला तुझा.
शेताचंही तोडलं तर भेगा पडतात,
हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

मग ती नळी दाखवलीस.
लिपस्टिकएवढी डबी, आत गवताच्या काडीसारखी बारीक.
दिवसातून दोनदा, स्वतःच्या हातानं.
हात लावला नाही मी.
मंगळवारी शिकवेन, म्हणालीस,
आरसा लागतो सुरुवातीला, आणि मोकळा वेळ.
आरसा आहे घरात. वेळेचं बघते.

बसस्टँडवर दोन भाषांत पाटी आहे.
वीस वर्षांत वेल्श शिकले ती एवढीच : टॉयलेडाय.
बाजारातली कुठली, वाचनालयातली कुठली,
कुठली चारला बंद होते,
या गावाचा माझा नकाशा तेवढाच.

बाकावर बसून बाटली उघडली.
अर्धी प्यायले, एका दमात.
घरापर्यंत अकरा थांबे.
किल्ली मात्र
आत्ताच हातात काढून ठेवलीय.