आधी काय सरते

कापगते सरांनी फळ्यावर लिहिलं:
अठ्ठावीस ग्रॅम नायट्रोजन, दहा ग्रॅम हायड्रोजन,
आणि खडू माझ्याकडे रोखून विचारलं,
आधी कोण संपेल, लांजेवार?

मी म्हटलं, हायड्रोजन.
दहा म्हणजे कमीच ना अठ्ठाविसाहून.
मागच्या बाकावर कुणी हसलं नाही,
सगळ्यांच्या वहीत तेच होतं.
चूक, म्हणाले सर, आणि घंटा झाली.

साकोलीहून सुटणारी साडेपाचची एसटी.
खिडकीच्या धुळीत बोटानं लिहीत आले
एकास तीन, एकास तीन,
आणि तो शब्द, जो अजून जिभेवर नीट बसत नाही:
स्टॉइकिओमेट्री.
आमच्या गावात एवढ्या लांब नावाचं
काहीच नाही.

माय सूप मांडीवर घेऊन बसलेली.
ओल्या गोणपाटातून तेंदूची पानं काढायची,
पत्र्याचा फर्मा ठेवायची, कात्री फिरवायची,
चिमूटभर तंबाखू, एक वळसा, लाल धागा.
सट्टेदारानं मोजून दिलेलं:
सातशे ग्रॅम पान, अडीचशे ग्रॅम तंबाखू,
शनिवारी हजार बिडी.
पुडक्याच्या मधोमध दीडशे ग्रॅम सडकं,
भोकं पडलेलं, हात लावताच चुरा.

तंबाखू संपेल आधी, मी म्हटलं,
अडीचशेच तर आहे.
तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.
"वजन काहून पाह्यतं वं?
त्याच्यात बिड्या किती हायेत ते पाह्य.
पान सरलं का बिडी सरली.
मंग तंबाखू पोतंभर असो."

मी दप्तरातून वही ओढली.
साडेपाचशे ग्रॅम पानात सातशे पंच्याऐंशी.
तंबाखूत हजार.
छोटा आकडा खरा.
त्रेपन्न पॉइंट सात पाच ग्रॅम तंबाखू उरेल.
मग फळा आठवला:
अठ्ठाविसाला सहाच लागतो,
चार ग्रॅम हायड्रोजन तसाच उभा राहील,
नायट्रोजन सरेल, जड असून.

एवढंच होतं.
आणि हे तिला
माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं.

शनिवारी मी कागद घेऊन तिच्यासोबत गेले.
एकतीस कट्टे आणि वर दहा बिड्या.
सट्टेदारानं चष्मा पुसला, कागद उलटा धरला,
मग सुलटा.
"हा लिमिटिंग रिएजंट कोन्या गावचा?"
सगळे हसले, मायसुद्धा, थोडीशी.
त्यानं एक मूठ पानं उचलून, न तोलता,
आमच्या गोणपाटावर टाकली.
मी मोजली. एकोणीस.
त्यातलं एक फाटकं.

हजाराला जे कमी पडलं
ते तिच्या मजुरीतून कापलं.
त्याच्या वहीत समीकरण असंच संतुलित होतं.

एक गोष्ट मात्र
दर आठवड्याला उरतेच: धागा.
तो कुणी परत मागत नाही.
प्रॅक्टिकलची माझी जर्नल सुटायला लागली होती,
मायनं दाभण घेतला, लाल धागा दुहेरी केला
आणि पाठीला सात टाके घातले.
कापगते सरांनी तपासताना पानं उलटली,
नाकाशी धरली,
तंबाखूचा वास येतो म्हणाले.
मग टाके पाहिले,
सही केली,
आणि पुढच्या गणिताला
आधी कोण संपेल हे मला न विचारता
खडूच माझ्या हातात दिला.