दुसरी सही

रावपुऱ्यातल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात
नियम जुना:
हजाराच्या वरचं बिल असेल तर दोन सह्या.
पहिली टिपणिसांची, दुसरी माझी.

एकोणीस वर्षं
त्यांची सही दिसली की मी वाचत नव्हतो,
त्यांनी वाचलं असणार म्हणून.
ते वाचत नव्हते,
मी वाचणारच आहे म्हणून.
दाराला दोन कुलपं होती,
दोन्ही नुसती अडकवलेली.

दिवाळीला ते लीलो चिवडा आणत,
मी त्यांच्या नातवाला पेन.
आमच्यात कधी एका पैशाचा वाद झाला नाही.

मग हिशेबाला फाल्गुनी राणा आली.
तिसऱ्याच दिवशी एक बिल पुढ्यात सरकवलं:
गच्चीवरची टाकी साफ करणे, रुपये बेचाळीसशे.
"काका, गच्चीवर टाकीच नथी.
मी बघून आले."

बघून आले!
मी तो जिना कधी चढलोच नव्हतो.
गुडघे धरत चढलो.
वर एक गोल डाग, उन्हात पांढरा पडलेला,
डागाच्या मधोमध तीन कबुतरं,
पलीकडे सूरसागरचं हिरवट पाणी.
वर्षातून चार वेळा
हा डाग धुवायचे पैसे आम्ही दिले होते.
माझी सही सुरेख आहे, लफ्फेदार.

ट्रस्टींची बैठक झाली.
कुणी म्हणालं कॅमेरा लावा,
कुणी म्हणालं सगळ्यांना शपथ द्या,
संगमरवरी पाटीचं कोटेशनही आलं
(त्यावर सही मागितली, मी ठेवून दिलं).
फाल्गुनी म्हणाली,
महिन्याची बिलं केसपेपरच्या खिडकीपाशी चिकटवू,
मोठ्या अक्षरात, गुजरातीत.
रांगेत माणसाला वेळ असतो.

पहिल्याच आठवड्यात
डभोईहून आलेली एक बाई, पोर कडेवर,
बोट ठेवून मोठ्यानं वाचत होती:
"रू आटलु मोंघु?"
सगळी रांग वळली.
कापसाचा भाव पुढच्या महिन्यात उतरला. कसा, कुणी सांगितलं नाही.

टिपणीस आता बिलाच्या कोपऱ्यात
पेन्सिलीनं बारीक लिहितात: वाचलं.
चहाला मात्र बोलवत नाहीत.
परवा जिन्यात थांबवून विचारलं,
"माझ्यावर विश्वास नाही राहिला का, गर्गे?"

काय सांगणार.
माझ्या हातात
गच्चीची किल्ली होती.