किती भरलं?

एक किलो आठशे नव्वद.
मी काटा पुन्हा शून्यावर आणला,
दुपटं वेगळं तोललं. तेवढंच.

हिवऱ्याची प्रेमावती गावस खाटेवरून विचारते,
"किती भरलं?"
काजूच्या कारखान्यात संध्याकाळी
मुकादमाला विचारते, तसंच.
बोटांच्या पेरांवर चिकाचा काळा डाग,
आठवा सरेपर्यंत फोडत बसली होती,
आख्खा गर एका डब्यात, तुकडा दुसऱ्यात.

कार्डावर अक्षर माझंच:
उंची एकशे त्रेचाळीस. हिमोग्लोबिन साडेसात.
थोरली तेरा महिन्यांची, अजून अंगावर पिते.
लोहाच्या गोळ्या दिल्या.
दिल्या, असं मी लिहिलंय.
घेतल्या का, ते वाळपईची शेवटची बस गाठताना
विचारायचं राहिलं.

"उपाशीपोटी घेऊ नको म्हणालात ना, बाई,"
ती म्हणते,
"म्हणून कितीतरी दिवस राहूनच गेल्या."

सासू दारातूनच सांगते, मिश्री फक्त सकाळची,
आणि पेजेचं भांडं पुढं करते.
वर निवळ, तळाशी शितं.
ढवळा, मी म्हणते. तळापासून ढवळा.
आवाज जरा चढतोच माझा.

मग पोर तिच्या उघड्या छातीवर ठेवलं,
कातडीला कातडी, वरून माझी शाल.
रडणंसुद्धा बारीक,
भिंतीपलीकडे जाणार नाही एवढं.
त्याच्या मुठीत तिचं काळं बोट.

"मला आईनं सुपात निजवलेलं," ती म्हणते,
"कुणी तोललंच नाही."