थकबाकी

नोव्हेंबरात डंडीला साडेतीनलाच दिवे लागतात.
तेवढ्यात क्रायटनसाहेब टेबलाशी येऊन म्हणाले,
वाढ मंजूर झाली. ताशी एक्केचाळीस पेन्स.
लागू एक एप्रिलपासून.

म्हणजे सात महिने आम्ही सगळे
समजत होतो त्यापेक्षा थोडे महाग होतो
आणि कुणाला पत्ता नव्हता.

मी यादी काढली. यादीत तेच येतात
ज्यांच्या नावापुढे शेवटची तारीख नाही.
आणि सोडून गेलेले? मी विचारलं.
एप्रिलनंतरचे एक्कावन्न जण आहेत.
"हक्क आहेच त्यांचा," कोटात हात घालत साहेब म्हणाले,
"मागेल त्याला देऊ."
मग दारातून, पुन्हा: "मागेल त्याला."

मागचं हवं तर मागावं लागतं.
मागायचं तर आधी कळावं लागतं.
आणि कळवायचं कुणी,
ते परिपत्रकात कुठेच नव्हतं. मी दोनदा वाचलं.

डिसेंबरात नेटा गेडीसचं पत्र आलं, लॉकीहून.
रेघांचा कागद, निळी शाई, ओळ सुटलेली कुठेच नाही.
घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं,
गोळ्या काढून देणं, पायमोजे चढवणं,
हे तिनं बावीस वर्षं केलं.
नऊ ऑगस्टला तिचा गुडघा म्हणाला, आता पुरे.
वाढीचं तिला सांगितलं बहिणीच्या सुनेनं,
बसथांब्यावर, बस येता येता.

"मला जास्तीचं काही नको," तिनं लिहिलं होतं,
"माझे तास तेवढे तपासा."
सोबत डायरीतून उतरवलेले तास.
बेरीज चारशे सदतीस.
माझ्या संगणकातही चारशे सदतीस.

समासात मात्र संगणकात नसलेलं काही होतं.

चौदा मे. मिस्टर ऑगिल्वींचा बॉयलर बंद.
दुरुस्तीवाला येईपर्यंत थांबले.
हा अर्धा तास धरलेला नाही, फक्त सांगते आहे.

तीन जून. मिसेस टॅनहिलना वाटलं मी त्यांची बहीण.
मी नाही म्हटलं नाही.

सव्वीस जून. ऑगिल्वी गेले. दार मीच उघडलं.
गाडी येईपर्यंत पाऊण तास त्यांच्याजवळ.
हा धरला आहे.

पाऊण तासाचे एकतीस पेन्स होतात.
मी गुणाकार पुन्हा करून पाहिला,
कारण उत्तर बरोबर होतं.

सहा महिन्यांपूर्वीच्या एका सकाळचा दर
आज, इथे, माझ्या बोटांखाली वाढत होता.
ऑगिल्वींना त्याचं काही नाही.
बॉयलरलाही नाही.

एकूण एकशे एकोणऐंशी पौंड सतरा पेन्स.
कर कापून एकशे त्रेचाळीस चौतीस.
कर मात्र न मागता कापला जातो,
त्याला अर्ज लागत नाही.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मी पन्नास लिफाफे मांडले.
तिकिटं माझी, कागद माझा,
कार्यालयाचं काही वापरलं नाही, सांगून ठेवते.
आत दोनच ओळी: तुमचं काही राहिलं आहे.
या पत्त्यावर लिहा.
सही केली नाही.
एकीचा पत्ता कॅनडातला होता, तिकिटं कमी पडली.
एकाच्या नावापुढे शेवटची तारीख दोन प्रकारे शेवटची होती;
तो लिफाफा मी त्याच्या बायकोच्या नावे केला
आणि त्यातल्या दोन ओळी चार वेळा लिहिल्या.

जानेवारीत उत्तरं यायला लागली.
काही टाइप केलेली, काही लेकीच्या अक्षरात,
एक तर जुन्या नाताळकार्डाच्या पाठीवर.
तीन लिफाफे परत आले. बायकोचं अजून काही नाही.

साहेबांनी ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"यंदा बरेच मागायला लागले," म्हणाले.
हो, म्हटलं.
थंडी फार आहे ना.