अठरावी स्प्रिंग

उद्यमबागेत, पत्र्याच्या शेडमध्ये
परशराम हलगेकर स्प्रिंग मोजतोय.
करंगळीच्या पेराएवढी.
सतरा नापास, ही अठरावी.

"हिनं काय ढकलायचं?" कल्लाप्पा कन्नडात विचारतो.
"कॅमेरा. चहाच्या ग्लासाएवढा.
उन्हावर चालणाऱ्या जहाजावरनं."
"आणि परत ओढायला?"

काही नाही.
गिरक्या घेत लांब जायचं,
शिडाचे फोटो धाडायचे,
तोवर बॅटरी संपते.

कल्लाप्पाच्या घरी वडगावात माग. त्याला कापडाचं कळतं.
"घडी उलगडताना फाटलं तर?"
"म्हणून तर फोटो,"
म्हणत परशराम स्प्रिंग दाबतो, सोडतो —

गेली की लेथखाली, किसात कुठंतरी.

दोघं गुडघ्यांवर.
"सिक्तेनो?"
"थांब की जरा."

दारातलं ऊन त्यांच्या पाठींवर टेकलेलं,
ढकलतंय,
कळणार नाही इतकं.